मोजून पाणी

खामगावच्या एका डायलिसिस केंद्रात सकाळची पाळी सुरू होते आहे. बाहेर मे महिन्याचं ऊन आत्ताच सोसवत नाही. संग्रामपूर तालुक्यातून पहिल्या बसने आलेले एक शेतकरी वजनकाट्यावर उभे राहतात. त्यांची पत्नी आकडा वहीत लिहून घेते. "दीड किलोच वाढलं," ती सिस्टरांना समाधानाने सांगते. हे वाढलेलं वजन म्हणजे अंगात साठलेलं पाणी. मूत्रपिंडं ते बाहेर टाकत नाहीत. आता चार तास मशीन टाकणार.

हे कुटुंब खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 500 मिलिग्रॅम क्षार ही इष्ट मर्यादा. इथल्या कित्येक विहिरींचं पाणी ती केव्हाच ओलांडतं. गावोगावी किडनीचे रुग्ण आहेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून डायलिसिस मोफत होतं, पण बसभाडं आणि बुडालेला रोज घरालाच सोसावा लागतो.

सिस्टर सुई टोचण्याआधी पत्नी नवऱ्याच्या डाव्या हातावर दोन बोटं ठेवते. फिस्टुलाची, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेल्या रक्तवाहिनीची, थरथर लागते आहे. रोज सकाळी ती हेच तपासते. गोळ्या मुलीकडे, वावर थोरल्या मुलाकडे. आजार मुक्कामाला आहे, आणि घराने त्याची कामं वाटून घेतली आहेत. आशेला असा हिशेब लागतो, हे मला इथे बसून ठामपणे वाटतं.

शेजारच्या खाटेवर पंचविशीतला मुलगा आहे. त्याची ही सुरुवातच आहे. तो भिंतीकडे तोंड करून पडलाय. बाप पायथ्याशी फाईल घट्ट धरून उभा आहे.

"भाऊ, बसा," शेतकऱ्याची पत्नी स्टूल सरकवते. "पोराचं पाणी तोडू नका, मोजून द्या. डॉक्टर सांगतील तेवढं सकाळीच बाटलीत भरून ठेवा. चहा, ताक, वरण, सारं त्यातच धरा. अन् भाजी चिरून कोमट पाण्यात भिजू द्या, मंग ते पाणी फेकून द्या."

बाप ऐकतो. मग हळूच विचारतो, "वावराचं कसं करता?"

उत्तर तिच्या नवऱ्याच्या खाटेवरून येतं. "पह्यले मीबी घरात कोपरा धरून बसलो होतो. वखर होत नाही, डवरा होत नाही, मंग आपला काय उपयोग? आता बियाणं मी पाहतो. सोयाबीनचे शंभर दाणे मोजतो, ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवतो. आठवड्यात सत्तर उगवले तर बियाणं पेराले चांगलं. कमी उगवले तर एकरी जास्त टाकाचं. गावातले लोक आता मायाकडेच आणून देतात."

मशीनचा पंप फिरत असतो. हात न हलवता ते बापाकडे मान वळवतात. "पुढच्या पाळीले तुमचं घरचं सोयाबीन आणा. उगवण पाहून देतो."

भिंतीकडे वळलेला मुलगा कूस बदलतो.

"बाबा, घरचंबी आणा अन् विकतचंबी. दोन्ही पाहू."