सुरक्षेचे कारण आणि डोंबिवलीचे कागद

२६ मे २०१६ रोजी डोंबिवली एमआयडीसीतल्या प्रोबेस कंपनीत स्फोट झाला. १२ जणांचा जीव गेला, दोनशेहून अधिक जखमी झाले, दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिचा अहवाल लोकांच्या हाती पडायला मात्र दोन वर्षे गेली, आणि तोही माहिती अधिकारात पाठपुरावा झाला म्हणून. पुढे २३ मे २०२४ रोजी त्याच एमआयडीसीत अमुदान केमिकल्सचा स्फोट झाला. प्रदूषणामुळे २०१४ साली पडलेला हिरवा पाऊस आणि २०२० साली गुलाबी झालेला रस्ता पाहिलेल्या या गावाला आपल्या शेजारी काय शिजते, हे विचारण्याचा हक्क आहे की नाही? विचारले की बहुतेकदा ‘सुरक्षा’ हा शब्द पुढे येतो. तो दर वेळी खोटा नसतो, पण त्याच्याभोवती गैरसमज पुष्कळ आहेत.

गैरसमज : ‘सुरक्षेच्या कारणास्तव माहिती देता येत नाही’ असा शेरा आला की विषय संपला.

वस्तुस्थिती : माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये ‘सुरक्षा’ असे एका शब्दाचे कुलूप नाही. कलम ८(१)(क)मध्ये देशाची सार्वभौमता, एकात्मता, राज्याची सुरक्षा यांना बाधा आणणारी माहिती येते; ८(१)(छ)मध्ये एखाद्याच्या जिवाला धोका होईल किंवा गुप्तपणे खबर देणाऱ्याची ओळख फुटेल अशी. यांपैकी कोणते कलम लागू होते आणि का, हे जनमाहिती अधिकाऱ्याने लिहून द्यायचे असते. अपिलात नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारीही त्याचीच, अर्जदाराची नव्हे; कलम १९(५) तसे स्पष्ट सांगते. शिवाय कलम ८(२) आहेच. नुकसानापेक्षा जनहित मोठे असेल तर गोपनीय कागदही देता येतो, १९२३चा शासकीय गुपिते कायदा आड येत नाही.

गैरसमज : कारखाना खासगी, त्याचे कागद आपल्याला कोण देणार?

वस्तुस्थिती : कारखानदाराकडे नसेल मागता येत, पण त्याचे कागद ज्या सरकारी कपाटात आहेत तिथे मागता येतात. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, प्रदूषण नियंत्रण मंडळ, एमआयडीसी ही ती कपाटे. कायद्यातली ‘माहिती’ची व्याख्याच अशी आहे की, सरकारी यंत्रणेला दुसऱ्या कायद्याने खासगी संस्थेकडून जे मिळवता येते, तेही तिच्यात मोडते. कंपनी ‘व्यापारी गुपित’ म्हणून हरकत घेऊ शकते. तिला नोटीस देऊन तिचे ऐकून घ्यावे लागते, पण निर्णय अधिकाऱ्याचा; कंपनीची हरकत म्हणजे नकाराधिकार नव्हे. एक गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते : १९७४च्या जल प्रदूषण कायद्याने मंडळाला संमतिपत्रांच्या अटींची नोंदवही ठेवायला लावली आहे, आणि ज्याला त्या सांडपाण्याची झळ पोचते त्याने ती पाहायला मागितली तर दाखवायलाही.

गैरसमज : रसायनांची यादी जाहीर केली तर घातपात्यांचे फावेल.

वस्तुस्थिती : ही शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. टाकीचा व्हॉल्व्ह नेमका कुठे, पहारा कधी बदलतो, कोणता कोपरा सीसीटीव्हीत येत नाही, असले तपशील कुणी मागितले तर अधिकाऱ्याने नाही म्हणावे; मीही तेच म्हणेन. पण आत कोणते रसायन आहे, ते पेटले किंवा गळले तर काय होते, वारा आपल्याकडे असेल तर घरात थांबायचे की बाहेर पळायचे, हे सांगणे म्हणजे घातपाताला मदत नव्हे. उलट ते सांगणे कायद्याने बंधनकारक आहे. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात कलम ४१-ब घालण्यात आले. त्याने कारखानदाराला धोक्याची माहिती कामगारांना, स्थानिक प्राधिकरणाला आणि आसपासच्या लोकांनाही देणे भाग पाडले. नव्या श्रमसंहितेतही हे बंधन आहे. घातक रसायनांच्या १९८९च्या नियमांत तर कारखान्याबाहेरचा आपत्कालीन आराखडा आणि वर्षातून किमान एक रंगीत तालीम सांगितली आहे. आता लोकांपासून लपवलेल्या आराखड्याची तालीम लोक कशी करणार?

एकाच फाइलमध्ये दोन्ही प्रकारचे तपशील असतील तर कलम १० आहे. नाजूक भाग झाकून उरलेले कागद द्यायचे. पूर्ण फाइल नाकारणे सोपे पडते, म्हणून या कलमाची आठवण अर्जदारालाच करून द्यावी लागते.

गैरसमज : चौकशी चालू आहे, तोवर काहीच मिळणार नाही.

वस्तुस्थिती : चौकशी ‘चालू’ असणे पुरेसे नाही. माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल, हे दाखवावे लागते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगतसिंग प्रकरणात हे सांगितले आहे.

गैरसमज : माहिती मागणारे सगळे ब्लॅकमेलर.

वस्तुस्थिती : माहिती अधिकाराच्या नावाखाली खंडणी उकळल्याचे गुन्हे ठाण्यात दाखल झालेले आहेत, तेव्हा या तक्रारीत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. पण खंडणी कशावर चालते? कागद दडलेला असण्यावर. उदाहरणार्थ, बांधकामांच्या परवानग्या पालिकेने सरळ संकेतस्थळावर टाकल्या तर धमकीला किंमतच उरत नाही. कलम ४ नेमके तेच करायला सांगते : लोकांनी मागण्याआधीच माहिती जाहीर करा.

तसे न झाल्याची किंमत कल्याण-डोंबिवलीने मोजली आहे. पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती इथे उभ्या राहिल्या. घोटाळा बाहेर आला तो एका वास्तुविशारदाने माहिती अधिकारात पालिकेला खऱ्या परवानग्यांबद्दल विचारले म्हणून. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले, आणि कर्ज काढून घर घेतलेली कुटुंबे हवालदिल झाली. खरी परवानगी कोणती हे एका क्लिकवर दिसत असते, तर यातली किती घरे विकली गेली असती?

एक बाब मात्र अलीकडे बदलली आहे. नोव्हेंबर २०२५पासून व्यक्तिगत माहितीचे कलम ८(१)(ञ) अधिक कडक झाले. पूर्वी त्यातच असलेली जनहिताची कसोटी आणि ‘विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही’ हे वाक्य गेले. माझ्या मते हा सुरक्षेपेक्षा मोठा आडोसा ठरेल, कारण प्रत्येक सहीमागे एक व्यक्ती असतेच. त्यावर उपाय म्हणून कलम ८(२) शिल्लक आहे, अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा.

महाराष्ट्रात अर्ज एका विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, शुल्क १० रुपये. कारण सांगायची गरज नाही. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर ३० दिवसांत प्रथम अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे द्वितीय अपील. डोंबिवलीकरांनी पहिल्या अर्जात दोनच गोष्टी मागाव्यात : आपल्या भागाचा आपत्कालीन आराखडा आणि शेवटची रंगीत तालीम झाली ती तारीख.