सातव्या दिवशी उघडलेले डोळे

एका वाचक भगिनींनी विचारले आहे: चेहऱ्याला लावायच्या सीरमवर ‘रिकॉम्बिनंट ह्यूमन ईजीएफ’ असे छापले आहे, हे माणसाच्या शरीरातून काढतात का? नाही. मानवी जनुकाची प्रत जीवाणूत घालतात, बहुतेकदा इ. कोलायमध्ये, आणि त्याच्याकडून हे प्रथिन बनवून घेतात. मजकूर माणसाचा, कारागीर जीवाणू. पण या तीन अक्षरांमागची गोष्ट इतकी सुंदर आहे की तेवढ्यावर थांबवत नाही.

1950 च्या दशकात सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रिटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन चेतातंतू वाढवणाऱ्या एका पदार्थाच्या मागावर होते. उंदराच्या गाठीच्या अर्कात तो सापडत होता. तो प्रथिन की न्यूक्लिइक आम्ल, हे ठरवायला कोहेन यांनी अर्कात सापाचे विष घातले, कारण विषातले विकर न्यूक्लिइक आम्लाचे तुकडे करते. झाले भलतेच. चेतातंतू आणखी जोमाने फुटले! तो पदार्थ खुद्द विषातच गाठीपेक्षा कितीतरी अधिक होता. सापाची विषग्रंथी ही मुळात लाळग्रंथीच. मग उंदराची लाळग्रंथी का तपासू नये? तपासली, आणि तिथे तर घबाडच हाती लागले.

खरी मौज त्यापुढची. हा लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला, तेव्हा एरवी तेराव्या-चौदाव्या दिवशी उघडणारे त्यांचे डोळे सातव्याच दिवशी उघडले. दातही लवकर आले. चेतातंतूंचा पदार्थ शुद्ध करून टोचला, तर मात्र असे होईना. म्हणजे अर्कात आणखी कोणीतरी होते. हाती घेतलेल्या प्रश्नाशी पापण्यांचा काही संबंध नव्हता. ‘अर्क अशुद्ध होता’ एवढी नोंद करून पुढे जाता आले असते. कोहेन त्या पापण्यांच्या मागे लागले आणि पुढची कित्येक वर्षे लागूनच राहिले. व्हँडरबिल्ट विद्यापीठात 1962 साली त्यांनी तो पदार्थ वेगळा केला. तो त्वचेच्या पेशींची वाढ वेगाने घडवतो, म्हणून पापण्या लवकर सुटतात, हे कळल्यावर त्याचे नाव पडले एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, ईजीएफ. 1986 चे नोबेल कोहेन आणि लेव्ही-मोंताल्चिनी या दोघांना मिळून दिले गेले.

मधल्या काळात ब्रिटनमध्ये हॅरी ग्रेगरी मानवी लघवीतून जठरातले आम्ल कमी करणारा ‘युरोगॅस्ट्रोन’ वेगळा करत होते. 1975 मध्ये त्याची रचना उलगडली, तर तीही 53 अमिनो आम्लांची साखळी, आणि त्यांतली 37 उंदराच्या ईजीएफशी जुळणारी! माहेरचे नाव एक, सासरचे दुसरे, बाई एकच. पापणीला वाढ सांगणारे प्रथिन जठराला आम्ल आवर म्हणून सांगत होते.

याचे कारण असे की ईजीएफ हे पेशीचे अन्न नव्हे, तो निरोप आहे. निरोप सांगायला त्याला घरात शिरावे लागत नाही. पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहकाला, म्हणजे रिसेप्टरला, तो बिलगतो, असे दोन ग्राहक जोडीने जवळ येतात आणि त्यांच्या आतल्या टोकांना फॉस्फेट चिकटून पेशीत निरोपांची साखळी सुरू होते. ऐकून काय करायचे, हे ज्या त्या पेशीचे.

आज हा निरोप्या प्रयोगशाळांत कुपीतून येतो. ‘केवळ संशोधनासाठी’ असा शिक्का असलेल्या छोट्या कुपीच्या तळाशी 100 मायक्रोग्रॅम पांढरी भुकटी असते, कधी डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून झाकण काढण्याआधी कुपी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घेतात. मिलिलिटरला 10 नॅनोग्रॅम या हिशेबाने तेवढ्यात 10 लिटर पोषकद्रव तयार होतो. आतड्याचे सूक्ष्म नमुने, म्हणजे ऑर्गनॉइड, वाढवायचे तरी ईजीएफ लागतेच.

आता सीरमचे. प्रथिन अस्सल असेल. पण त्वचेचा वरचा मृत थर बाहेरच्या गोष्टी अडवण्यासाठीच असतो, आणि सुमारे 6,000 डाल्टनचा रेणू अखंड त्वचेतून सहज आत जात नाही. उघड्या जखमेची गोष्ट वेगळी: मधुमेहींच्या पायाच्या जखमांत क्युबातले डॉक्टर ईजीएफ टोचून देतात. प्रयोगशाळेतल्या पेशींवर दिसलेला परिणाम बाटलीच्या जाहिरातीत उचलून लावणे मला मान्य नाही.

या शोधाचे मोल कुठे आहे, ते कॅन्सर रुग्णालयात दिसते. ईजीएफचा ग्राहक बिघडला, तर निरोप नसतानाही ‘वाढ, वाढ’ असे आत कळवत राहतो. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या अनेक रुग्णांत हेच घडलेले असते, आणि जेफिटिनिबसारखी गोळी नेमकी तिथेच त्याला गप्प करते. म्हणून गोळी सुरू करण्याआधी ‘ईजीएफआर’, म्हणजे ईजीएफच्या रिसेप्टरची, तपासणी करतात. अहवालावरच्या त्या चार अक्षरांतली पहिली तीन उंदराच्या पिल्लांच्या पापण्यांपासून आली आहेत.