लॉग-इनच्या पडद्यावरील अर्धा सेकंद

खात्यात प्रवेश करू पाहणाऱ्याला नाव आणि पासवर्ड विचारणारी जी सूचना पडद्यावर दिसते, तिची रचना हा बहुधा सजावटीचा, म्हणून दुय्यम विषय समजला जातो. वास्तविक ही सूचना खात्याचा खरा मालक आणि त्याचे सोंग घेऊन आलेला परका असे दोघेही वाचत असतात. पहिल्याला पुढचा मार्ग स्पष्ट कळावा आणि दुसऱ्याच्या हाती काहीही लागू नये, अशी दुहेरी कामगिरी तिला पार पाडावी लागते.

या अडचणीचे अत्यंत मार्मिक विवेचन बेल लॅबोरेटरीजमधील रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्पसन यांनी 1979 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, युनिक्स प्रणालीतील पासवर्डांविषयीच्या निबंधात आढळते. चोराला असंख्य अंदाज भराभर तपासून पाहता येऊ नयेत, म्हणून दिलेल्या पासवर्डाचे सांकेतिक रूपांतर मुद्दाम संथ गतीने करणारी पद्धत त्यांनी स्वीकारली होती. परंतु नावच चुकीचे असेल तर तुलनेसाठी साठवलेला पासवर्ड नसल्यामुळे आरंभीचा प्रोग्रॅम हे रूपांतर न करताच नकार देई. परिणामी चुकीच्या नावाला तत्काळ, तर खऱ्या नावाला सुमारे अर्ध्या सेकंदाने उत्तर मिळू लागले, आणि पडद्यावरचे शब्द तेच असूनही कोणते नाव अस्तित्वात आहे हे केवळ विलंबावरून ताडता येऊ लागले. संरक्षणासाठी योजलेला संथपणाच असा फितूर झाला. यावरचा उपाय साधा होता: नाव खरे असो वा खोटे, रूपांतर प्रत्येक वेळी करायचे.  

‘नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे’ असे संदिग्ध वाटणारे उत्तर देण्यामागे हेच तत्त्व असते. गडाच्या दरवाजावरील पहारेकऱ्याने परवलीचा शब्द चुकवणाऱ्याला परत पाठवावे, पण त्याने विचारलेले सरदार आत मुक्कामाला आहेत की नाहीत याचा थांगपत्ता लागू देऊ नये, तसाच हा प्रकार आहे. मात्र हे मौन सर्वत्र पाळले जावे लागते. लॉग-इनच्या पानावर ते पाळून, पासवर्ड विसरल्याचे कळवणाऱ्या पानावर ‘असे खाते नाही’ असे सांगितले, तर पहिली सारी दक्षता वाया जाते.

याउलट, समोरचा पडदाच बनावट असल्यास मालकाने तो ओळखायचा कसा, हाही प्रश्न उरतो. 1993 मध्ये आलेल्या विंडोज एनटीने लॉग-इनपूर्वी कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या कळी एकत्र दाबण्याची अट घातली, कारण तो संकेत थेट मूळ प्रणालीकडेच जातो आणि सामान्य प्रोग्रॅमला तो अडवता येत नाही. पुढे काही बँकांच्या संकेतस्थळांनी ग्राहकाने निवडलेले चित्र दाखवून स्वतःचा खरेपणा पटवण्याचा मार्ग धरला, आणि त्याचा मोठा गाजावाजाही झाला. परंतु हार्वर्ड आणि एमआयटीतील संशोधकांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चित्र जाणूनबुजून काढून टाकले असतानाही, स्वतःचे खाते वापरणाऱ्या 25 पैकी 23 जणांनी पासवर्ड भरला. समोर असलेल्या वस्तूकडे लक्ष जाते, नसलेली वस्तू सहसा जाणवत नाही. म्हणून असा पहारा ग्राहकाच्या नजरेवर सोपवणेच चुकीचे होते.

अलीकडच्या पासकी पद्धतीत, म्हणजे गुप्त किल्ली उपकरणात किंवा पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपमध्ये ठेवून बोटाचा ठसा किंवा पिन वापरून तिच्या वापराला संमती देण्याच्या व्यवस्थेत, ही तपासणी यंत्राकडे गेली आहे: ज्या संकेतस्थळासाठी किल्ली तयार झाली, त्याखेरीज इतरत्र ती चालतच नाही. तरीही पासवर्डाचा अंत झाल्याच्या घोषणा घाईच्या आहेत, कारण ब्राउझर, फोन आणि पासवर्ड सांभाळणारे ॲप एकाच कामासाठी निरनिराळ्या शब्दांत संमती मागतात आणि किल्ली नेमकी कोठे साठवली जाणार याविषयी वापरकर्ता संभ्रमात पडतो. कोण विचारत आहे, कशासाठी विचारत आहे आणि होकार दिल्यास काय होईल, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक पडद्यावर त्याच शब्दांत आणि त्याच क्रमाने मिळत नाहीत, तोवर उत्तम गणितावर उभारलेली सुरक्षाही अपुरीच ठरेल.