‘शेक’ नेमका कुठे बसतो?

‘डॉक्टरांनी शेक सांगितलाय’ म्हटलं, की घरातल्या बाईच्या पोटात गोळा येतो. अंग भाजेल का, तान्ह्याला जवळ घेता येईल का, असे प्रश्न मनात असतात, पण विचारायचे कुणाला? मैत्रिणींनो, या शेकाचा एक नवा प्रकार आहे, प्रोटॉन थेरपी. टाटा मेमोरियलच्या खारघर इथल्या केंद्रात ती २०२३ पासून मिळू लागली.

प्रोटॉन म्हणजे हायड्रोजनच्या अणूचा गाभा. हायड्रोजन वायूत वीज खेळवली की त्याचा प्लाझ्मा होतो. आपल्या ट्यूबलाइटमध्ये चमकतो तोही प्लाझ्माच. त्यातून प्रोटॉन ओढून घेतात आणि सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात गोल गोल फिरवून प्रकाशाच्या जवळजवळ ६० टक्के वेगापर्यंत नेतात.

पुढची वाट मात्र नाजूक. नळीत हवा राहिली तर प्रोटॉन तिच्यावर आपटून विखुरतील, म्हणून आतली हवा काढून टाकलेली असते. शिवाय सगळे धनभारित, त्यामुळे एकमेकांना ढकलतात. झोत जितका दाट आणि वेग जितका कमी, तितकी ही ढकलाढकली जास्त. म्हणून वाटेत जागोजागी चुंबक बसवलेले असतात. काही झोताला वळवतात, काही आवळून धरतात.

एवढा खटाटोप कशासाठी? क्ष-किरण गाठीतून आरपार जातात, त्यामुळे पलीकडच्या निरोगी भागालाही थोडा मार बसतो. प्रोटॉन मात्र ठरवलेल्या खोलीवर थांबतो आणि थांबताना सर्वाधिक ऊर्जा तिथेच सोडतो. रॉबर्ट विल्सन यांनी ही कल्पना १९४६ मध्ये मांडली, आणि १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलेला पहिल्या रुग्णावर उपचार झाले. वाढत्या वयाच्या मुलांना याचा विशेष फायदा, कारण मेंदू, हाडं अजून घडत असतात.

पण म्हणून प्रत्येकीनं प्रोटॉनच्या मागे धावायचं नाही. तो महाग आहे, मोजक्याच ठिकाणी मिळतो. स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर नेहमीचा शेकही चांगला गुण देतो. ‘मोठ्या मशीनची’ वाट बघत उपचार लांबवणं हेच जास्त धोक्याचं. आणि हो, बाहेरून मशीननं शेक घेऊन घरी आलेल्या बाईनं लेकराला खुशाल जवळ घ्यावं. तिच्यापासून कुणालाही किरणांची बाधा होत नाही.

डॉक्टरांना मोकळेपणानं विचारा: माझ्या आजाराला कुठला शेक योग्य, किती दिवस, आणि खर्चासाठी कुठली योजना आहे? विचारण्यात लाज कसली?