फेस आलाच नाही

१९४६ साल. जपानमधल्या ओकायामात कान-नाक-घशाचे डॉक्टर शिगेओ ताकाहारा एका अकरा वर्षांच्या मुलीच्या तोंडातली सडलेली जखम साफ करत होते. नेहमीप्रमाणे त्यांनी जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले. पांढरा फेस यायला हवा होता, तो आलाच नाही. उलट रक्त काळे-तपकिरी पडले. परिचारिकेने चुकून सिल्व्हर नायट्रेट दिले की काय, अशी शंका त्यांना आली. पण औषध बरोबरच होते. मुलीच्या रक्तातच कॅटलेज नावाचे विकर जवळजवळ नव्हते आणि तिच्या काही भावंडांचीही तीच गत होती.

पेरॉक्साइड म्हणजे ऑक्सिजनचा एक अणू जास्तीचा असलेले पाणी. आपल्या पेशींच्या रोजच्या व्यवहारात ते तयार होतच असते आणि साठले तर पेशीलाच जाळते. कॅटलेज त्याचे दोन रेणू घेते आणि पाण्याचे दोन व ऑक्सिजनचा एक रेणू सोडते. जखमेवरचा फेस म्हणजे हाच ऑक्सिजन. कॅटलेजचा एक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडच्या लाखो रेणूंचा फडशा पाडतो.

हे काम करतो हीम नावाच्या चकतीच्या मधोमध बसलेला लोहाचा अणू. गंमत अशी, की हिमोग्लोबिनमध्येही अगदी हेच हीम असते. म्हणजे त्या मुलीच्या रक्तात हीमला तोटा नव्हता. मग फेस का आला नाही?

उत्तर लोहाच्या शेजारपाजारात आहे. बैलाच्या यकृतातल्या कॅटलेजचे स्फटिक जेम्स समनर आणि अलेक्झांडर डाउन्स यांनी १९३७ मध्ये मिळवले. त्यातला अणू न् अणू कुठे बसला आहे, हे कळायला मात्र १९८१ उजाडले. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात मायकेल रॉसमन यांच्या गटाने क्ष-किरणांनी ही रचना उलगडली. त्या शोधनिबंधावर पहिले नाव होते एम. आर. एन. मूर्ती यांचे. पुढे ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत होते.

या रचनेत प्रथिनाच्या चार सारख्या साखळ्या दिसतात, प्रत्येकीत सुमारे पाचशे अमिनो आम्ले. फुगडीत हात गुंफावेत तसे प्रत्येक साखळीचे टोक शेजारणीच्या वेटोळ्यातून आरपार गेलेले असते. त्यामुळे ही चौकडी सहजी सुटत नाही. प्रत्येकीच्या पोटात खोलवर एक हीम असते आणि तिथे पोहोचायला अडीच-तीन नॅनोमीटर लांबीची चिंचोळी वाट. ती इतकी अरुंद, की पाणी आणि पेरॉक्साइडसारखे चिमुकले रेणूच आत शिरू शकतात.

वाटेच्या शेवटी हिस्टिडिन आणि ॲस्परॅजिन ही दोन अमिनो आम्ले दबा धरून बसलेली असतात. पेरॉक्साइड आला, की हिस्टिडिन त्याचा एक हायड्रोजन एका ऑक्सिजनकडून काढून दुसऱ्याकडे देते. दोन ऑक्सिजनमधला बंध तुटतो, पाणी निघून जाते आणि उरलेला ऑक्सिजन लोहाला चिकटतो. मागोमाग येणारा दुसरा पेरॉक्साइड आपले हायड्रोजन या ऑक्सिजनला देऊन त्याचे पाणी करतो आणि स्वतः ऑक्सिजन वायू होऊन बाहेर पडतो. लोह पुन्हा मोकळे.

या सगळ्यात लोहाला मागून टायरोसिनने धरलेले असते. हिमोग्लोबिनमध्ये ती जागा हिस्टिडिनची आहे आणि तिथली सगळी बांधणी ऑक्सिजन अलगद वाहून नेण्यासाठी आहे. पेरॉक्साइडचा मारा झाला, की हिमोग्लोबिनचे लोह स्वतःच ऑक्सिडीकृत होते आणि रक्त काळपट पडते. ताकाहारांना दिसले ते हेच.

जखम चिघळण्याचे कारणही यातच होते. तोंडातले काही जिवाणू स्वतः पेरॉक्साइड सोडतात. एरवी कॅटलेज ते तिथल्या तिथे मोडून टाकते. या मुलीत ते साठत गेले, हिमोग्लोबिन निकामी होऊन हिरडीला ऑक्सिजन मिळेना आणि मांस सडू लागले.

तरीही हा दोष असलेली बहुतेक माणसे धडधाकट जगतात. पेशीत ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे सेलेनियमवर आणि पेरॉक्सिरेडॉक्सिन हे गंधकावर चालणारे विकर असते. पेरॉक्साइडचे थेंब टिपायला ती दोघे पुरेशी आहेत. लोंढा आला, की मात्र त्या चिंचोळ्या वाटेच्या टोकाशी बसलेले लोहच लागते.