चिमणीतून रोज जाणारा पाण्याचा टँकर

नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यात एकीकडे धानाच्या बांध्या, दुसरीकडे कपाशी आणि तूर. वेचणी संपली की शेतात पऱ्हाटी उभी राहते, तूर झोडपली की तुऱ्हाट्या उरतात, धान भरडले की गिरणीत तुसाचे ढीग लागतात. बॉयलरचे जळण असे चहूकडे पडलेले असते. त्यातले कोणते निवडावे याचा हिशेब मांडायला बसले, की साध्या गुणाकारानेही डोळे विस्फारतात.

तासाला १ टन वाफ देणारा बॉयलर घेऊ. कारखान्यांच्या मानाने तो लहानच. ७५ टक्के कार्यक्षमता धरली तर त्याला तासाला सुमारे ८ लाख किलोकॅलरी उष्णता लागते. तो चोवीस तास चालवायचा आहे.

पहिला पर्याय नुकत्याच तोडलेल्या ओल्या लाकडाचा. त्याच्या वजनात जवळपास निम्मे पाणीच असते. ते पाणी उकळून उडवल्याशिवाय लाकूड नीट पेट घेत नाही, म्हणून एका किलोतून जेमतेम १,९५० किलोकॅलरी हाती लागतात. दिवसाला लाकूड लागते पावणेदहा टनांवर, आणि त्यातले ४,९०० लिटर पाणी वाफ होऊन चिमणीतून निघून जाते. उन्हाळ्यात गावात येणारा पाण्याचा टँकर डोळ्यांसमोर आणा. तेवढे पाणी आपण लाकडाच्या भावाने विकत घेतो आणि रोज हवेत सोडून देतो. धूर वाढतो, चिमणीत काजळी धरते, ते वेगळेच.

तेच लाकूड २० टक्के ओलीपर्यंत वाळवले, की एका किलोतून सुमारे ३,५०० किलोकॅलरी मिळतात आणि रोजची गरज साडेपाच टनांवर येते. फरक चार टनांहून जास्त, तोही एका दिवसाचा.

दुसरा पर्याय तुसाचा. धानाच्या वजनात सुमारे २० टक्के तूस असते. किलोला ३,२०० किलोकॅलरी धरल्या तर रोज ६ टन तूस लागेल, म्हणजे ३० टन धान भरडावे लागेल. तूस इतके हलके, की ६ टनांना साधारण ६० घनमीटर जागा हवी. १६ फूट लांब, १३ फूट रुंद, १० फूट उंच अशी खोली रोज शिगोशीग भरायची आणि रोज रिकामी करायची. वर त्याची राख पाचव्या हिश्श्याएवढी, म्हणजे दिवसाला १,२०० किलो. लाकडाची राख टक्का-दोन टक्के असते. म्हणून तूस परवडते ते गिरणीच्या आवारातच. लांब न्यायचे म्हटले तर भाडे ट्रकभर हवेचेच पडते.

तिसरा पर्याय कांडीचा, ज्याला बाजारात पांढरा कोळसा म्हणतात. पऱ्हाटी, तुऱ्हाटी, भुसा वाळवून, बारीक करून, प्रचंड दाबाखाली त्यांच्या कांड्या पाडतात. किलोला सुमारे ४,००० किलोकॅलरी, रोजची गरज ४.८ टन, आणि जागा फक्त ८ घनमीटर. हेक्टरी २ टन पऱ्हाटी धरली तर या बॉयलरला रोज ६ एकरांची पऱ्हाटी पुरते. वर्षाचे ३०० दिवस धरले तर १,८०० एकर.

आता नजर कुहीच्या शेजारच्या मौद्याकडे वळवू. तिथले एनटीपीसीचे वीजकेंद्र २,३२० मेगावॉटचे. पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला साडेपाच कोटींवर युनिट. युनिटमागे ६५० ग्रॅम कोळसा धरला तर रोज ३६,००० टन, म्हणजे मालगाडीचे साधारण नऊ रेक. केंद्र सरकारने ८ ऑक्टोबर २०२१ च्या धोरणात औष्णिक केंद्रांना कोळशात ५ टक्के जैवइंधन मिसळायला सांगितले. मौद्यापुरते ५ टक्के म्हणजे रोजचे १,८०० टन, तेही पऱ्हाटीतून भागवायचे तर रोज २,२५० एकर मोकळे करावे लागतील.

एवढी पऱ्हाटी आहे का? महाराष्ट्रात कापसाचे क्षेत्र सुमारे ४० लाख हेक्टर. हेक्टरी २ टनांनी ८० लाख टन झाले. वाळलेली पऱ्हाटी आणि आपला जास्त राखेचा कोळसा यांची उष्णता वजनाला वजन जवळपास सारखीच. म्हणजे एका हंगामातली राज्याची पऱ्हाटी मौद्याचे अख्खे केंद्र सात महिने पेटते ठेवू शकेल. बाभूळ जळणाजोगी व्हायला वर्षे लागतात, पऱ्हाटी दरवर्षी नव्याने उगवते. तरी तिचा मोठा भाग शेतातच काडी लावून जाळला जातो. गुलाबी बोंडअळी आटोक्यात ठेवायला ती वेळेत उपटावीच लागते, पण उपटल्यावर जाळलीच पाहिजे असे नाही. तिच्या कांड्या कशा पाडायच्या यावर नागपूरच्या जिनिंग प्रशिक्षण केंद्रातही काम झाले आहे.

बॉयलरवाल्यांना एवढेच सांगणे आहे : जळण घेताना काट्यावरच्या आकड्यावर थांबू नका. गाडीतल्या मालातला एक किलो नमुना घ्या, भट्टीत १०५ अंशांवर पूर्ण वाळवा, पुन्हा तोला. वजन जेवढे घटले तेवढ्या पाण्याचे पैसे तुम्ही मोजले. आणि शेतकरी बंधूंनो, पऱ्हाटीला काडी लावण्याआधी जवळच्या कांडीवाल्याला एकदा भाव विचारा.