छापील पानापासून कानापर्यंत



गेल्या अंकात ‘पुस्तके स्कॅन करण्यासाठी व तपासण्यासाठी स्वयंसेवक हवेत’ अशी चार ओळींची विनंती छापली होती. त्यानंतर बऱ्याच जणांनी फोनवर एकच प्रश्न विचारला. पुस्तक स्कॅन केले की काम झाले ना, मग तपासायला माणसे कशाला? आमच्या पाळकसाहेबांनीही उपासनेनंतर मला बाजूला घेऊन हेच विचारले. म्हणून हे काम कसे चालते ते यावेळी सविस्तर लिहिते.

सुरुवात आपल्या वसतिगृहातल्या एका मुलीपासून करते. ती सातपुड्यातल्या एका पाड्यावरची. घरची भाषा पावरी, आणि जन्मापासून दृष्टी नाही. ती नववीत आली तेव्हा महिला मंडळाच्या भगिनींनी मोठ्या प्रेमाने तिच्यासाठी धडे वाचून रेकॉर्ड केले. तिने सगळे ऐकले. मग एके दिवशी म्हणाली, “ताई, ऐकायला छान वाटतं, पण शब्द कसा लिहायचा ते त्यात कळत नाही. आणि मागचं एक वाक्य हवं असलं तर सगळं फिरवत बसावं लागतं.” बार्तीमयाला प्रभूने काय हवे ते आधी विचारले होते. आम्ही मात्र न विचारताच रेकॉर्डिंग करून मोकळ्या झालो होतो.

तिला हवा होता तो संगणकाला अक्षरे म्हणून ओळखता येईल असा मजकूर. असा मजकूर असला की एनव्हीडीए नावाचा मोफत मिळणारा प्रोग्राम तो मराठीत वाचून दाखवतो. शब्दावर थांबून एकेक अक्षर ऐकता येते, मथळ्यावरून मथळ्यावर उडी मारता येते. तोच मजकूर ब्रेलमध्ये काढता येतो किंवा ज्याला अंधुक दिसते त्याच्यासाठी मोठ्या अक्षरांत छापता येतो. रेकॉर्डिंगमध्ये यातले काहीच जमत नाही.

इंटरनेटवर पीडीएफ मिळतात, त्या का चालत नाहीत, असेही काहींनी विचारले. पुष्कळशा मराठी पीडीएफ म्हणजे पानांचे निव्वळ फोटो असतात. बाकीच्यांपैकी अनेक जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या असतात. डोळ्यांना तिथे मराठी दिसते, पण वाचून दाखवणारा प्रोग्राम त्यातून अर्थहीन इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे बडबडत सुटतो.

स्कॅनिंगचे काम तसे सोपे आहे, तरुण संघाची मुले ते दोन शनिवारांत शिकली. ३०० डीपीआयवर पान घ्यायचे, पान सरळ ठेवायचे, शिवणीजवळच्या ओळी वाकू द्यायच्या नाहीत. अक्षर बारीक असेल तर ४०० वर घ्यायचे. मग ओसीआर हा प्रोग्राम त्या चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर तयार करतो. खरे काम इथून पुढे सुरू होते.

समजा, शंभरातली नव्व्याण्णव अक्षरे बरोबर ओळखली गेली. ऐकायला उत्तम वाटते. पण एका पानावर साधारण १,५०० अक्षरे धरली तर पानागणिक १५ चुका राहिल्या आणि दीडशे पानांच्या पुस्तकात सव्वादोन हजार. देवनागरीत जुळी दिसणारी अक्षरे पुष्कळ आहेत. ‘भ’चा ‘म’ होतो, ‘व’चा ‘ब’ होतो, ‘ख’ फुटून ‘रव’ होतो, अनुस्वाराचा ठिपका धूळ समजून गळतो. ‘रवाणे’ झाले तर कोणालाही कळते. पण चुकून तयार झालेला शब्दही जेव्हा खराच शब्द असतो तेव्हा पंचाईत होते. ‘भात’चा ‘मात’ झाला, ‘धडा’चा ‘घडा’ झाला, सातपुड्याच्या ‘दऱ्या’ होत्या त्यांचा ‘दर्या’ झाला, तर शुद्धलेखन तपासणारा प्रोग्रामही गप्प बसतो. आकड्यांत १ आणि ९ यांची अदलाबदल होते. १८१८ साल १८९८ झाले तर ते कोण ओळखणार?

आम्ही हे अनुभवाने शिकलो, आणि त्याची किंमत त्या मुलीने मोजली. विज्ञानाचे एक मार्गदर्शक पुस्तक आम्ही घाईने एकदाच नजरेखालून घालून तिला दिले. विजेच्या पाठात ‘धनप्रभार’ जिथे जिथे होता तिथे बऱ्याच ठिकाणी ‘घनप्रभार’ झाले होते. ज्यांची मातृभाषा मराठी आहे त्यांनी ही चूक मनातल्या मनात दुरुस्त केली असती. तिची मराठी शाळेत शिकलेली, आणि गणितात ‘घन’ व ‘घनमूळ’ हे शब्द तिने नुकतेच ऐकले होते. तिने तोही त्यातलाच एखादा नवा शब्द समजून पाठ केला. सराव परीक्षेत लेखनिकाला तसेच सांगितले आणि उत्तर चुकले. मला ती विचारत होती, “ताई, मी तर पुस्तकात होतं तेच सांगितलं ना?” त्यावर मला उत्तर सुचले नाही.

त्यानंतर आम्ही प्रत्येक पुस्तक दोनदा तपासतो, दोन वेगवेगळ्या माणसांकडून. एका बाजूला मूळ पानाचे चित्र, दुसऱ्या बाजूला मजकूर. पहिली फेरी डोळ्यांनी करायची. दुसऱ्या फेरीत संगणकाला वाचायला लावायचे आणि आपण मूळ पानावर बोट ठेवून ऐकायचे. वाचताना आपले डोळे सवयीने चूक झाकून पुढे जातात, कान तसे करत नाहीत. मात्र ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला जवळजवळ सारखेच लागतात, म्हणून नुसते ऐकूनही भागत नाही.

आणखी काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. छापील पानांचे क्रमांक मजकुरात ठेवायचे, कारण वर्गात गुरुजी ‘पान ४२ उघडा’ म्हणतात तेव्हा तिलाही ते उघडता आले पाहिजे. मथळा नुसता ठळक करायचा नाही, तो मथळा आहे अशी खूण संगणकाला द्यायची. आकृती असेल तर तिथे ती कशासाठी आहे ते दोन-तीन वाक्यांत लिहायचे. आणि लेखकाला सुधारायचे नाही! आमचे एक निवृत्त गुरुजी जुन्या पुस्तकातले ‘नाहीं’ आणि ‘कांहीं’ यांवरचे अनुस्वार मोठ्या उत्साहाने खोडत बसले होते. १९६२ च्या लेखननियमांआधीचे पुस्तक होते ते. पुन्हा सगळे ठिपके द्यायला त्यांनाच तीन संध्याकाळी लागल्या, पण रागावले नाहीत.

हे कायद्यात बसते का, ही शंका रास्त आहे. बसते. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली जी दुरुस्ती झाली तिच्यामुळे अपंग व्यक्तींसाठी वाचता येईल अशी प्रत नफा न घेता करता येते. ही प्रत त्यांच्याच हाती राहील, बाजारात जाणार नाही, याची काळजी मात्र संस्थेने घ्यायची असते. म्हणून कृपया “मलाही पाठवा” असे म्हणू नका. ज्याला दिसते त्याला ती देता येत नाही. पुढे २०१३ मध्ये माराकेश करार झाला, आणि २०१४ मध्ये त्याला सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. अशी पुस्तके देशभरातल्या वाचकांना एकत्र मिळावीत म्हणून डेझी फोरम ऑफ इंडियाच्या पुढाकाराने २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ चालते. परदेशात ‘बुकशेअर’ हे ग्रंथालय २००२ पासून आहे, तिथेही स्वयंसेवकांनी हजारो पाने अशीच तपासली.

आपल्या मंडळींना हे काम अगदी नवे नाही. अमृतसरला १८८७ मध्ये अ‍ॅनी शार्प या मिशनरी बाईंनी अंधांसाठी भारतातली पहिली शाळा काढली, मुंबईत १९०० मध्ये अ‍ॅना मिलर्ड यांनी. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्येही अंध स्त्रिया ब्रेल शिकत होत्या.

आता वेळेचे सांगते. सराव झालेल्या माणसाला एका पानाला आठ-दहा मिनिटे लागतात. म्हणजे दीडशे पानांच्या पुस्तकाला एका फेरीचे वीस ते पंचवीस तास, आणि फेऱ्या दोन. म्हणून आम्ही दहा-दहा पानांचे गठ्ठे करतो. एक गठ्ठा दोन संध्याकाळी बसलात तर होतो. घरी संगणक नसेल तर वसतिगृहाच्या अभ्यासिकेत दोन आहेत. चष्म्याचा नंबर मोठा असेल त्यांनी दुसरी, ऐकण्याची फेरी मागून घ्यावी.

सध्या दहावीचे इतिहासाचे पुस्तक अर्धे झाले आहे आणि जूनच्या आधी ते तिच्या हातात पडायला हवे. त्यानंतर तिने स्वतः मागितलेले पुस्तक आहे, पावरी लोककथांचे. ते देवनागरीत छापलेले आहे, पण मराठी शिकलेला आमचा ओसीआर पावरी शब्द ‘सुधारून’ त्यांची मराठी करून टाकतो. ते तपासायला पावरी घरातलाच माणूस लागेल. वसतिगृहातून शिकून गेलेल्या दोघा मुलांनी होकार दिला आहे, आणखी दोघे-तिघे मिळाले तर पावसाळ्यात ते हाती घेऊ.